जेनकिन्स की होस्टेड सीआय: गुंता कुठे कमी होतो, कुठे वाढतो

पाच-सात ते पंधरा-वीस डेव्हलपरांची टीम, एक-दोन मुख्य रेपो, रोज येणाऱ्या पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती), आणि कुणीतरी कधीकाळी उभा केलेला जेनकिन्स, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर. तो तसाच चालू ठेवायचा, की गिटहब अ‍ॅक्शन्स किंवा गिटलॅबच्या सीआयवर (कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे सगळ्यांचा कोड सतत एकत्र आणून आपोआप तपासणं) जायचं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा मीटिंग संपल्यावर निघतो: या सीआयमुळे आपलं काम खरंच सोपं झालंय, की सांभाळायला अजून एक गोष्ट वाढलीये? मी दोन्हीकडे काम केलंय. आधी बरीच वर्षं स्वतःच्या सर्व्हरवरच्या जेनकिन्सवर, आता होस्टेड, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालणाऱ्या सेवेवर. माझा कल खाली दिसेलच. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो, आणि तो कुठे येईल तेही मला सुचेल तसं सांगतो. शब्दांचं थोडक्यात: पाइपलाइन म्हणजे टेस्ट, बिल्ड, डिप्लॉय अशा पायऱ्यांची साखळी, आणि एजंट किंवा रनर म्हणजे त्या पायऱ्या जिथे चालतात ते मशीन.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सीआय एक गुंता काढतं आणि दुसरा आणतं. काढतं तो मर्जचा. तिघांनी आठवडाभर आपापल्या ब्रांचवर काम करायचं, शुक्रवारी सगळं एकत्र करायचं आणि मग कुणाच्या बदलामुळे काय मोडलं ते रात्रीपर्यंत शोधत बसायचं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दर पुल रिक्वेस्टवर टेस्ट आपोआप चालल्या की चूक ज्याच्या बदलात आहे त्याच्याच पुढ्यात, तो बदल डोक्यात ताजा असताना येते. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. आणतं तो गुंता वेगळ्या जातीचा. तुमच्या प्रॉडक्टशेजारी अजून एक प्रोग्रॅम उभा राहतो, जो तुमचं प्रॉडक्ट बांधतो. त्यालाही बग असतात, त्याच्याही व्हर्जन बदलतात. त्याला टेस्ट मात्र बहुतेक ठिकाणी नसतात.

पद्धत आधी आली, टूल नंतर. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही कामाची पद्धत मानणाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ती रूढ केली तेव्हा काही टीम इंटिग्रेशनसाठी एक वेगळा कॉम्प्युटरच ठेवत. आपला कोड घेऊन तिथे बसायचं, सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळायचा, टेस्ट पास झाल्या की उठायचं. २००१ मध्ये हे आपोआप करणारं क्रूझकंट्रोल हे टूल आलं. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ मध्ये हडसन लिहायला घेतलं. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्या प्रोजेक्टचा जेनकिन्स झाला. गिटलॅबने २०१५ मध्ये सीआय आपल्या मुख्य प्रॉडक्टमध्येच घातलं, गिटहब अ‍ॅक्शन्स २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. मुद्दा एवढाच की रोज मुख्य ब्रांचमध्ये मिसळायची शिस्त यातलं कुठलंच टूल लावून देत नाही. तीन-तीन आठवडे जगणाऱ्या ब्रांच तशाच ठेवून त्यांच्यावर भलीमोठी पाइपलाइन चालवणाऱ्या टीम मी पाहिल्यात. तिथे पहिला गुंता जात नाही, दुसरा तेवढा येऊन बसतो. तुमचं असं असेल तर आधी ब्रांच लहान करा, टूलचं नंतर बघू.

जेनकिन्सच्या बाजूने

जेनकिन्सला हल्ली जुनाट म्हणायची पद्धत पडलीये, ती मला पटत नाही. अठराशेच्या वर प्लगइन्स आहेत, म्हणजे तुमच्याकडे कितीही आडवळणाची सिस्टिम असली तरी तिच्याशी बोलणारं काहीतरी सापडतंच. मिनिटांचं मीटर नाही. मशीन तुमचं, नेटवर्क तुमचं, बिल्ड दहा तास चालवा. शिवाय त्यात रिप्ले नावाची एक सोय आहे, जिच्याबद्दल होस्टेडवाल्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: झालेल्या रनची पाइपलाइन स्क्रिप्ट ब्राउझरमध्येच उघडायची, दोन ओळी बदलायच्या आणि कमिट न करता पुन्हा चालवायची. ही सोय का मोलाची आहे ते पुढे येईल.

आता दुसरी बाजू. जेनकिन्स हा सर्व्हर आहे आणि सर्व्हरला मालक लागतो. २०२२ मध्ये त्याला जावा ११ लागायला लागलं, २०२४ मध्ये जावा १७. एक प्लगइन अपडेट करावं तर ते दुसऱ्याची नवी व्हर्जन मागतं, दुसरं तिसऱ्याची, आणि तिसरं म्हणतं की आधी जेनकिन्सच वर न्या. पुढे ढकलावं, तर २०२४ च्या जानेवारीसारखं होतं. तेव्हा जेनकिन्सच्या कमांड लाइनमध्ये असं भोक सापडलं की ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढे फाइलचा पाथ दिला की सर्व्हरवरच्या त्या फाइलचा मजकूर बाहेर यायचा. लॉगिन नसलेल्यालाही पहिल्या काही ओळी वाचता यायच्या. आणि जेनकिन्सच्या मशीनवर काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे: प्रॉडक्शनच्या किल्ल्या, डेटाबेसचे पासवर्ड, डिप्लॉयचे टोकन. प्रोजेक्टने दुरुस्ती लगेच दिली होती. पण ती लावायला कुणीतरी लागतं, आणि दहा जणांच्या टीममध्ये हे काम कुणाच्याच नावावर नसतं. जो हौसेने बघत असतो तो नोकरी बदलतो, आणि मग त्या मशीनला हात लावायला सगळे कचरतात. आमच्याकडे असं झालं होतं. त्यात त्या सहकाऱ्याचा काडीचा दोष नव्हता, त्याने उलट स्वतःच्या वेळात ते सांभाळलं होतं.

ग्रूव्ही या प्रोग्रॅमिंग भाषेचंही थोडं बोलायला हवं. जेनकिन्सफाइल, म्हणजे पाइपलाइन लिहिलेली फाइल, दिसते ग्रूव्हीसारखी, पण चालते वेगळी. सर्व्हर मध्येच बंद पडला तर पाइपलाइन जिथे होती तिथून पुढे सुरू व्हावी म्हणून तिची अवस्था पायरीपायरीला डिस्कवर लिहिली जाते. कल्पना उत्तम आहे. तिचा परिणाम असा की एखाद्या व्हेरिएबलमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा मॅचर धरून ठेवला आणि पुढच्या ओळीला शेल कमांड चालवली की सीरियलाइज होत नाही, म्हणजे डिस्कवर लिहिता येत नाही, म्हणून एरर येते. ज्याला फक्त व्हर्जन नंबर कापून घ्यायचा होता त्याला एकदम जेनकिन्सच्या आतड्यांपर्यंत उतरावं लागतं. टूलने आणलेला गुंता म्हणतो तो हा. तुमच्या प्रॉडक्टशी त्याचा काहीएक संबंध नाही.

आणि वर्कस्पेस, म्हणजे एजंटवरचं ते फोल्डर जिथे बिल्ड होतो. स्वतःच्या एजंटवर मुद्दाम साफ केल्याशिवाय मागच्या बिल्डच्या फाइली तशाच राहतात. त्यामुळे बिल्ड झपझप होतो, हे मान्य. पण कालच्या बिल्डने तयार केलेली एखादी फाइल आज टेस्ट पास करून जाते, आणि नव्या मुलाने पहिल्या दिवशी रेपो क्लोन केला की त्याच्याकडे काही चालत नाही. ताज्या क्लोनवरून सगळं उभं राहतं याची खात्री मिळावी म्हणून तर आपण सीआय लावतो.

होस्टेडच्या बाजूने

इथे हा शेवटचा प्रश्न मुळातच उरत नाही. दर जॉबला कोरं मशीन मिळतं आणि काम झालं की टाकून दिलं जातं. मला होस्टेडमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर हेच. वेगापेक्षा, दिसण्यापेक्षा हे. जे रेपोमध्ये लिहिलेलं नाही ते तिथे नसतंच. कुणी तीन वर्षांपूर्वी हाताने इन्स्टॉल केलेली लायब्ररी तुमच्या मदतीला येत नाही, म्हणून ती लिहून काढावीच लागते.

सर्व्हर सांभाळायचा नाही, पाइपलाइनची फाइल कोडसोबतच, तिचे बदल पुल रिक्वेस्टमध्ये दिसतात, हे फायदे सगळ्यांना माहीत आहेत. गिटहब आणि गिटलॅब यांतलं कुठलं, यावर मी फार वेळ घालवणार नाही. कोड जिथे आहे तिथलं सीआय वापरा. प्रायव्हेट रेपोसाठी फुकटची मिनिटं गिटहबवर महिन्याला २०००, गिटलॅबवर ४००. हे आकडे बदलत राहतात आणि मॅक मशीनचं मिनिट लिनक्सपेक्षा कितीतरी महाग पडतं, त्यामुळे आयफोनचं अ‍ॅप असेल तर आधी हिशेब मांडा. गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं, कोड बाहेर न्यायची परवानगी नसलेल्या टीमला तो मधला मार्ग बरा.

पण इथला गुंता कमी आहे असं मात्र नाही. तो फक्त पसरलेला असतो, म्हणून पटकन दिसत नाही.

यॅमलमध्ये, म्हणजे पाइपलाइनची फाइल ज्या फॉर्मॅटमध्ये लिहितात त्यात, पायथनची व्हर्जन ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर तो आकडा समजला जातो, शेवटचं शून्य गळतं आणि सिस्टिम पायथन ३.१ शोधत बसते. रनरचं मशीन म्हणून ‘उबुंटू लेटेस्ट’ लिहिलं तर लेटेस्ट म्हणजे कोणतं हे तुम्ही ठरवत नाही. २०२४ च्या शेवटापासून ते हळूहळू २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं, आणि कोडमधली एकही ओळ न बदलता बिल्ड मोडू शकतो ही गोष्ट अनेकांना तेव्हा पहिल्यांदा जाणवली. आणखी एक: फक्त डॉक्युमेंटेशन बदललं तर टेस्ट चालवू नयेत म्हणून पाथचा फिल्टर लावला, आणि त्याच वर्कफ्लोचा चेक मर्जसाठी सक्तीचा केला, तर गिटहबवर तो चेक ‘पेंडिंग’ राहतो आणि पुल रिक्वेस्ट अडकून पडते. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते वाचायची वेळ अडकल्यावरच येते.

सगळ्यात गंभीर बाब मात्र दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार पायऱ्यांची, म्हणजे परक्या अ‍ॅक्शन्सची. २०२५ च्या मार्चमध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या गटाची, कोणत्या फाइली बदलल्या ते सांगणारी एक लोकप्रिय अ‍ॅक्शन कुणीतरी ताब्यात घेतली. जुने व्हर्जन टॅगसुद्धा दुष्ट कमिटकडे वळवले. ती अ‍ॅक्शन २३,००० पेक्षा जास्त रेपोंमध्ये वापरात होती, आणि ती चालली की रनरच्या मेमरीतले सिक्रेट लॉगमध्ये छापले जायचे. पब्लिक रेपोचे लॉग तर कुणालाही वाचता येतात. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश, म्हणजे त्या एका कमिटचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहून ठेवला होता ते वाचले. आता विचार करा, ही अ‍ॅक्शन करत काय होती? बहुतेकांच्या गरजेपुरतं ते काम गिटच्या एका कमांडने होतं. जेनकिन्सच्या प्लगइन्सना नावं ठेवून आपण दुसऱ्या दाराने तेच अवलंबित्व घरात घेतलं होतं.

आणि सेवा कायमची असते असंही नाही. ट्रॅव्हिस या सेवेने ओपन सोर्सच्या जगाला होस्टेड सीआयची सवय लावली. २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली, २०२१ मध्ये ओपन सोर्ससाठीची त्यांची जुनी साइट बंद झाली आणि असंख्य प्रोजेक्टांना आपल्या फाइली नव्याने लिहाव्या लागल्या. हे पुन्हा होणार नाही असं मला तरी म्हणवत नाही.

इथवरच्या हिशेबात तागडी जवळपास सारखी आहे. मी बराच काळ तसाच मधोमध होतो.

पुश करा आणि वाट बघा

माझा निर्णय झाला तो एका त्रासामुळे. तो दोन्हीकडे आहे, पण होस्टेडवर जास्त बोचतो.

पाइपलाइनच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायची आहे. समजा टेस्टचा रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये जायला हवाय. ओळ बदलली. ती बरोबर आहे का हे बघायला स्वतःच्या लॅपटॉपवर काहीच मार्ग नाही. कमिट करायचं, पुश करायचं, रनर मिळायची वाट बघायची, मग तो कोड घेतो, डिपेंडन्सी उतरवतो, टेस्ट चालवतो, आणि शेवटी तुमच्या ओळीपाशी येऊन एका अवतरणचिन्हासाठी पडतो. दुरुस्त करा, पुन्हा पुश. कुठल्याही टीमच्या गिट लॉगमध्ये याच्या खुणा सापडतात: ‘सीआय फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘पाथ दुरुस्त’, ‘आता बघू’. सकाळ त्यात जाते.

वेळेचं मला तेवढं वाईट वाटत नाही. लोक त्या फाइलला हात लावेनासे होतात, ते जास्त वाईट. डेटाबेसची क्वेरी बदलताना जो डेव्हलपर दोनदा विचार करत नाही, तो पाइपलाइनची ओळ बदलायला लागली की दुसऱ्याला हाक मारतो. हळूहळू टीममध्ये ‘सीआयवाला’ तयार होतो. आपलं प्रॉडक्ट कसं बांधलं जातं हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि अशा एका फाइलमध्ये जाऊन बसतं, जी फक्त दुसऱ्याच्या मशीनवर चालते. सीआय गुंता वाढवतं अशी तक्रार मी जेव्हा ऐकतो तेव्हा खोदून विचारलं तर मुळाशी बहुधा हेच निघतं.

यावर उपाय म्हणून अ‍ॅक्ट नावाचं टूल आहे, गिटहबचे वर्कफ्लो डॉकरमध्ये आपल्या मशीनवर चालवतं. उपयोगी आहे, पण खऱ्या रनरसारखं हुबेहूब नाही, त्यामुळे शेवटी पुश करून बघावंच लागतं. गिटलॅबच्या रनरमध्ये एक जॉब लोकल चालवायची कमांड होती, ती त्यांनी आधी कालबाह्य ठरवली आणि नंतर काढली. जेनकिन्सचा रिप्ले इथे कामाला येतो म्हणून वर त्याचं कौतुक केलं. पण रिप्लेमधला बदल त्या रनपुरताच, आठवणीने रेपोत आणायला लागतो, आणि तोही सर्व्हरवरच चालतो. लॅपटॉपवर, ट्रेनमध्ये बसून, नेट नसताना बिल्ड का पडतोय हे शोधायला त्याचा उपयोग नाही.

या त्रासाचं एक जवळचं उदाहरण देतो, कारण त्यातच उत्तरही आहे. टेस्टचा आउटपुट स्क्रीनवर दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून आपण तो पाइपने दुसऱ्या कमांडकडे देतो. अगदी साधी ओळ. पाइपमधली पहिली कमांड, म्हणजे टेस्ट, फेल झाली पण दुसरी नीट संपली, तर शेल एरवी सगळं ठीक आहे असं सांगतो. ‘पाइपफेल’ हा पर्याय लावला असेल तरच फेल कळतं. आता गिटहब अ‍ॅक्शन्सवर शेल कोणता ते लिहिलं नाही तर बॅश पाइपफेलशिवाय चालतो, आणि शेल म्हणून बॅश असं स्पष्ट लिहिलं तर पाइपफेलसकट चालतो. गिटलॅबचा रनर शेलला जमत असेल तर पाइपफेल आपणहून लावतो. जेनकिन्सची शेलची पायरी लावत नाही. एकच ओळ, तीन ठिकाणी दोन निकाल, आणि जिथे निकाल चुकतो तिथे हिरवी टिक येते. टेस्ट फेल आणि टिक हिरवी. सीआय नसतं तर निदान खोटा भरवसा तरी बसला नसता.

तीच ओळ आपण रेपोतल्या एका शेल स्क्रिप्टमध्ये घातली, स्क्रिप्टच्या डोक्यावर बॅश आणि पाइपफेल लिहून ठेवलं, आणि सीआयला फक्त ती स्क्रिप्ट हाक मारायला सांगितली, तर ती चारही ठिकाणी सारखीच वागते. चौथं ठिकाण म्हणजे तुमचा लॅपटॉप.

मग तागडी का झुकली

आम्ही हेच सगळ्या पाइपलाइनला लावलं. रेपोत एक फोल्डर, त्यात लिंट (कोडची प्राथमिक तपासणी), टेस्ट, बिल्ड, पॅकेज अशा लहान स्क्रिप्ट. त्या लॅपटॉपवर चालल्या पाहिजेत, ही अट. सीआयच्या फाइलमध्ये फक्त एवढंच ठेवलं जे बाहेर काढताच येत नाही: कधी चालायचं, कोणत्या मशीनवर, कोणते सिक्रेट, कॅश कुठली, रिपोर्ट कुठे ठेवायचा. आधी स्क्रोल करत राहावी लागणारी ती फाइल एका स्क्रीनमध्ये मावायला लागली. परक्या अ‍ॅक्शन्स बहुतेक सगळ्या गळाल्या, ज्या राहिल्या त्या पूर्ण हॅशने बांधल्या. बिल्ड पडला की पहिली प्रतिक्रिया ‘सीआयमध्ये काय झालं?’ अशी न राहता, लोक तीच स्क्रिप्ट स्वतःकडे चालवून बघायला लागले. नव्या मुलीने आल्या आठवड्यात टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये बदल करून पुल रिक्वेस्ट टाकली, कुणाला विचारायची गरज तिला पडली नाही. मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं.

आणि हे केल्यावर दोन टूलमधली तुलनाच बदलते. जेनकिन्सची ताकद कशात होती? रिप्लेमध्ये, ग्रूव्हीमध्ये, प्लगइन्समध्ये. काम स्क्रिप्टमध्ये गेल्यावर रिप्लेची गरज राहिली नाही, कारण लॅपटॉपवर करून बघता येतं. ग्रूव्ही लागत नाही. प्लगइन्स दोन-चार पुरतात. उरतं काय, तर सर्व्हर सांभाळणं. होस्टेडचं दुबळेपण कशात होतं? लोकल चालत नाही, यॅमलमध्ये लॉजिक लिहावं लागतं, एका कंपनीला बांधले जातो. स्क्रिप्टमुळे या तिन्हीची धार कमी होते. उद्या सेवा बदलायची म्हटलं तर एक स्क्रीनभर फाइल पुन्हा लिहायची आहे. उरतं काय, तर दर वेळचं कोरं मशीन. माझ्या अनुभवात साधारण आमच्यासारख्या टीमसाठी हा सौदा होस्टेडकडे झुकतो. मी कुठे मोजमाप ठेवलेलं नाही, पण पाइपलाइनवरून होणारी चिडचिड कमी झाली हे टीममधला कुणीही सांगेल.

स्क्रिप्टचीही किंमत आहे. चांगला शेल लिहिणं सगळ्यांना येत नाही, विंडोज आणि मॅकवर फरक पडतात, आणि सीआय टूल जे फुकटात देतं, म्हणजे वेगवेगळे भाग एकाच वेळी चालवणं, कोणता भाग पडला ते ठळक दाखवणं, ते थोडं हातचं जातं. सगळं एकाच मोठ्या स्क्रिप्टमध्ये कोंबलं तर लॉग वाचताना डोळे दुखतात. म्हणून लहान स्क्रिप्ट, आणि प्रत्येक स्क्रिप्ट हा पाइपलाइनचा वेगळा टप्पा. शेल अगदीच जड वाटत असेल तर पायथनमध्ये लिहा, टीमला जी भाषा येते तीत लिहा. भाषेचा आग्रह नाही, लॅपटॉपवर चालण्याचा आहे.

जिथे मी जेनकिन्सच ठेवीन

पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीम कितीतरी आहेत. त्यांच्या टेस्टसाठी टेबलावर खरा बोर्ड लागतो, त्याला वायरी जोडलेल्या असतात, तो फ्लॅश करावा लागतो, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि एका वेळी एकच जॉब त्याला वापरू शकतो. हे कोऱ्या व्हर्च्युअल मशीनचं काम नाही. तिथे जेनकिन्सचा एजंट त्या बोर्डशेजारी बसतो आणि बोर्डला कुलूप लावून रांग सांभाळतो, हे त्याने वर्षानुवर्षं उत्तम केलंय. जिथून इंटरनेटला वाट नाही अशी बँकेची किंवा संरक्षण खात्याची नेटवर्क, तिथेही तेच. आणि गिटहबच्या मशीनवर एका जॉबला सहा तासांची मर्यादा आहे, तुमचा एखादा बिल्ड किंवा सिम्युलेशन त्यापलीकडे जात असेल तर वाद संपला.

होस्टेड सेवेला आपलं मशीन रनर म्हणून जोडायचा पर्यायही आहे, आणि तो दोन्हींचा सुवर्णमध्य म्हणून सांगितला जातो. मला तो सरसकट पटत नाही. मशीन आपलं झालं की त्यावरच्या उरलेल्या फाइली, जुन्या लायब्ररी, पॅच लावणं, सगळं परत आपल्याकडे येतं. जेनकिन्स सोडण्याचं कारणच जर हे असेल तर विचार करून करा. पब्लिक रेपोला तर असा रनर जोडूच नये, कारण अनोळखी माणसाने पाठवलेल्या पुल रिक्वेस्टमधला कोड तुमच्या नेटवर्कच्या आत चालेल. गिटहब स्वतःही तसा इशारा देतं.

एका गोष्टीत दोन्ही टूल सारखीच निरुपयोगी आहेत: कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट. २०१६ मध्ये गूगलच्या टेस्टिंग टीमने लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये असा थोडाफार लहरीपणा आहे. त्यांच्याकडे असेल तर आपल्याकडेही असणार. ‘पुन्हा चालवा’ हे बटण दोन्हीकडे आहे आणि ते दाबायची सवय लागली की लाल रंगाचा अर्थ संपतो. अशी टेस्ट सापडली की त्याच दिवशी वेगळी काढून तिच्या मालकाच्या नावावर टाकायची, एवढाच नियम आम्ही पाळतो.

तुम्ही दोघे-तिघेच असाल आणि एकाच खोलीत बसत असाल, तर खरं सांगायचं तर यातलं काहीच आज नको. टेस्टची स्क्रिप्ट लिहा आणि गिटच्या प्री-पुश हुकमध्ये लावा, म्हणजे पुश होण्याआधी ती आपोआप चालेल. चौथा माणूस आला की तीच स्क्रिप्ट होस्टेड सीआयला द्या, दुपारभराचं काम आहे.

आणि जेनकिन्सवरून निघायचंच ठरलं असेल तर एक विनंती आहे. जेनकिन्सफाइल समोर ठेवून ओळीला ओळ यॅमल लिहू नका. त्यात जुना गुंता नव्या लिपीत येतो, बाकी काही होत नाही. जेनकिन्सवर असतानाच एकेक टप्पा स्क्रिप्टमध्ये काढा आणि जेनकिन्सफाइलमधून त्या स्क्रिप्टला हाक मारा. दोन-तीन रिलीज तसेच जाऊ द्या. सगळं काम स्क्रिप्टमध्ये आलं की होस्टेडची फाइल लिहून दोन्ही काही दिवस एकाच वेळी चालवा. निकाल वेगळे आले तर बहुतेक वेळा जेनकिन्सच्या एजंटवर कुणीतरी हाताने ठेवलेली एखादी गोष्ट सापडेल, ती स्क्रिप्टमध्ये लिहून टाका. सगळं जुळलं की डिप्लॉयची किल्ली हलवा, सगळ्यात शेवटी. आणि हलवू नका खरं तर, नवी काढा. जुन्या मशीनवर जेवढे टोकन आणि पासवर्ड होते ते सगळे रद्द करा, मगच तो सर्व्हर बंद करा.